फॅसिझम डावा की उजवा?

तुमचा मुद्दा असा: मुसोलिनी मूळचा समाजवादी, हिटलरच्या पक्षाच्या नावातच ‘समाजवादी’, शिवाय उद्योगांवर सरकारची पकड, मग फॅसिझमला उजवा का म्हणायचं?

उजवाच, आणि टोकाचा उजवा. नाव आणि जाहीरनामा बाजूला ठेवा. सत्तेकडे जाताना हात कुणाशी मिळवला आणि चिरडलं कुणाला, ते तपासा.

इटलीतल्या 1919 च्या फॅसिस्ट जाहीरनाम्यात आठ तासांचा दिवस, किमान वेतन, भांडवलावर जबर कर अशी कलमं होती. फॅसिझमला डावा ठरवणारे इथेच थांबतात आणि फसतात, कारण खरी गोष्ट यानंतर सुरू होते. त्या वर्षीच्या निवडणुकीत मिलानमध्ये मुसोलिनीची यादी सपशेल आपटली. पुढची दोन वर्षं पो नदीच्या खोऱ्यात फॅसिस्टांच्या काळ्या शर्टातल्या टोळ्या शेतमजूर संघटनांच्या आणि सहकारी संस्थांच्या कचेऱ्या जाळत होत्या. त्यांना पैसा पुरवत होते बडे जमीनदार. 1921 मध्ये पंतप्रधान जोलिट्टींच्या आघाडीतून फॅसिस्ट संसदेत आले आणि जाऊन बसले उजव्या टोकाला. 1925 मध्ये कारखानदारांच्या संघटनेशी करार झाला: बोलणी फक्त फॅसिस्ट युनियनशी. 1926 मध्ये संप हा गुन्हा ठरला.

जर्मनीत 23 मार्च 1933 ला हिटलरला सर्वाधिकार देणारं विधेयक आलं. बाजूने 444 मतं, विरोधात 94. ती 94 एकूण एक सोशल डेमोक्रॅट्सची, म्हणजे डाव्या पक्षाची. कम्युनिस्टांना तर सभागृहात येऊच दिलं नव्हतं. 2 मे रोजी कामगार संघटनांच्या कचेऱ्या ताब्यात घेतल्या.

आता सरकारी पकडीचं. मुसोलिनीच्या पहिल्या वर्षांत अर्थमंत्री दे स्तेफानींनी टेलिफोन आणि आयुर्विमा खासगी कंपन्यांकडे सोपवले; 1933 मध्ये बुडत्या बँका वाचवायला सरकारी संस्था उभी राहिली. दोन्ही एकाच राजवटीत घडलं. शिवाय सरकारी पकडीची ही पट्टी लावली तर महायुद्धातलं चर्चिल यांचं सरकारही डावं ठरेल! समता हवी (डावे) की जन्मजात उच्चनीचता (उजवे), हा प्रश्न विचारला की चित्र लख्ख दिसतं.

सिंडिकॅलिस्ट (कामगार संघटनांच्या हाती सत्ता हवी म्हणणारे) विचारवंतांपैकी काही फॅसिझमकडे वळले, हे इतिहासकार झेएव स्टर्नहेल यांनी दाखवलं आहे. तो दुवा खराच आहे, पण तो विचारांच्या उगमाचा. राजवट काय करते याचा नव्हे. आणि दडपशाही स्टालिनचीही तितकीच भीषण होती, म्हणून लोकशाही ते हुकूमशाही ही पट्टी वेगळी आखावी. ती डाव्या-उजव्यात मिसळली की सगळाच गोंधळ होतो.

नाझी पक्षात समाजवादी भाषा गांभीर्याने घेणारा बडा नेता म्हणजे ग्रेगोर श्ट्रासर. 30 जून 1934 ला एसएसने, म्हणजे नाझींच्याच सशस्त्र दलाने, त्याला कोठडीत गोळ्या घातल्या.