सकाळच्या घाईत कमीत कमी किती मेकअप पुरतो?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दोन लहान मुलं, सकाळी स्वतःचं आवरायला जेमतेम दहा मिनिटं. फाउंडेशन, आयशॅडो, लायनर सगळं करायला गेलं तर उशीर होतो आणि तसंच गेलं तर ऑफिसात कुणी ना कुणी विचारतंच, "बरं नाहीये का?" मग कमीत कमी काय केलं म्हणजे चेहरा आवरल्यासारखा दिसेल, आणि लायनर जमत नाही त्याचं काय करायचं?

सगळ्यात आधी ती दहा मिनिटं विसरा. ती सलग मिळतील असं धरून काही ठरवलंत तर दोन दिवसांत त्याचे बारा वाजतील. माझीही दहा मिनिटं असायची. म्हणजे तीन मिनिटं, मग एक मोजा सापडत नाही, मग दोन मिनिटं, मग बाथरूममधून "आईऽऽ, झालीऽऽ", मग जे काय उरेल ते. एकदा अशाच हाकेला धावले ती थेट दाराबाहेरच पडले. डाव्या डोळ्याला झकास लायनर, उजवा डोळा कोरा. अकराच्या व्हिडिओ कॉलवर स्वतःचं तोंड समोर दिसलं तेव्हा कळलं. तोवर चार जणांशी अगदी गंभीर चेहऱ्याने बोलून झालं होतं. कुणी काही म्हणालं नाही, याचंच जास्त वाईट वाटलं.

तेव्हापासून माझा निकष एकच आहे. कुठल्याही क्षणी हाक आली आणि हातातलं तिथेच टाकून जावं लागलं, तरी चेहरा अर्धवट दिसता कामा नये. किती मिनिटं लागतात हे त्याच्यानंतर. या चाळणीतून लायनर पहिल्याच झटक्यात गळतं. फाउंडेशनही गळतं, कारण ते गालावर थांबवता येत नाही. जबड्यापर्यंत, मानेपर्यंत नीट पसरवावं लागतं, नाहीतर मुखवटा घातल्यासारखं दिसतं. आणि जे सगळ्यात जास्त फरक पाडतं ते सगळ्यात आधी करायचं, म्हणजे पुढचं राहिलं तरी बिघडत नाही.

आता जास्त फरक कशाने पडतो, इथे बहुतेक जणींची गल्लत होते. आपण झाकायला जातो. डाग झाक, वर्तुळं झाक, आणि झाकून झाकून चेहरा आणखीच सपाट करून ठेवतो. "बरं नाहीये का" हा प्रश्न डागांमुळे येत नाही. ओठ, डोळे, भुवया आणि त्यांच्या आजूबाजूची त्वचा यांच्या रंगातला फरक कमी झाला की चेहरा उतरलेला दिसतो. रिचर्ड रसेल या मानसशास्त्रज्ञाने २००९ मध्ये दाखवलं होतं की मेकअप प्रामुख्याने हाच फरक वाढवतो. पुढे त्याने सहकाऱ्यांबरोबर केलेल्या कामात असंही दिसलं की वयाबरोबर हा फरक कमी होत जातो, आणि तो जास्त असलेला चेहरा बघणाऱ्याला जास्त निरोगी वाटतो. म्हणजे झाकण्यापेक्षा रंग परत आणणं महत्त्वाचं. हे डोक्यात बसलं की निम्मा पसारा आपोआप कमी होतो.

सुरुवात मात्र सनस्क्रीननेच. दात घासले, तोंड धुतलं की लगेच, मुलं उठायच्या आधी. मग डबे भरा, वेण्या घाला, तोवर ते त्वचेवर बसतं. घाईघाईत सनस्क्रीनवर लगेच दुसरं काही चोळलंत तर मळ निघाल्यासारखे पांढरे गोळे निघतात. त्या गोळ्यांवर सरळ उपाय एवढाच की मध्ये दोन-तीन मिनिटं जाऊ द्यायची आणि वरचा थर घासायचा नाही, थोपटायचा. प्रमाण म्हणाल तर तर्जनी आणि मधल्या बोटावर मुळापासून टोकापर्यंत एकेक रेघ, ही चेहरा आणि मानेसाठी. एसपीएफ, म्हणजे सनस्क्रीन उन्हापासून किती वाचवतं त्याचा आकडा, ३० घ्यावा की ५० यात लोक उगाच अडकतात. ३० वालं त्वचा भाजणाऱ्या यूव्हीबी किरणांपैकी साधारण ९७ टक्के अडवतं आणि ५० वालं ९८. खरा फरक पडतो तो तुम्ही वाटाण्याएवढंच लावलं की पुरेसं लावलं, यात.

गरोदरपणात गालांवर, कपाळावर वांग आले असतील तर टिंट असलेलं सनस्क्रीनच घ्या. वांग नुसत्या अतिनील किरणांनी गडद होत नाहीत, डोळ्यांना दिसणाऱ्या उजेडानेही होतात, आणि तो अडवायला टिंटमधले आयर्न ऑक्साइडचे रंग लागतात. साध्या सनस्क्रीनला ते जमत नाही. शिवाय हलका रंग असल्यामुळे त्वचा एकसारखी दिसते आणि फाउंडेशनची गरजच उरत नाही. एक आगाऊ सल्ला: वांगांवर परस्पर "उजळवणारी" क्रीमं लावू नका. अशा कित्येक क्रीमांत स्टेरॉइड असतं. त्वचेच्या डॉक्टरांना एकदा दाखवा. बाळ अंगावर पीत असेल तर तेही त्यांना सांगा.

मग ओठ आणि गाल, एकाच वस्तूने. क्रीम ब्लशची कांडी किंवा फार कोरडी नसलेली लिपस्टिक, दोन्ही चालतं. शेड निवडायची माझी पद्धत सोपी आहे: खालचा ओठ थोडा बाहेर ओढून आतला रंग बघा, त्याच्या जवळचा किंवा एक छटा गडद रंग घ्या. तो कधी फसत नाही. आधी ओठांवर लावा, टिश्यू दाबून वरचा थर काढा, परत एक हात फिरवा. असं दोनदा केलेलं नुसतं एकदा जाड थापण्यापेक्षा जास्त टिकतं आणि मुलांच्या गालावर छाप उठत नाही. बोटाला जे उरलंय ते गालावर. बुबुळाच्या सरळ खालून सुरुवात करून कानाच्या दिशेने वर थोपटत जायचं. नाकाजवळ अजिबात आणू नका, तिथली लाली सर्दी झाल्यासारखी दिसते. पावडर लावणार असाल तर ती नेहमी याच्यानंतर. पावडरवर क्रीम लावलं की चट्टे पडतात.

इथे हाक आली तर खुशाल जा. तुमचं काम झालेलं आहे.

हाक नाही आली तर भुवया. मी त्यांच्याकडे कित्येक वर्षं ढुंकूनही पाहिलं नव्हतं. आता वाटतं, एकच गोष्ट करायला मिळाली तर ओठ की भुवया हे ठरवणं कठीण आहे. अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठात २००३ मध्ये झालेल्या एका प्रयोगात प्रसिद्ध माणसांच्या फोटोंतून एकदा डोळे पुसले आणि एकदा भुवया. भुवया पुसलेले चेहरे ओळखायला लोकांना जास्त जड गेलं. चेहऱ्याची ओळखच त्यांच्यात आहे म्हटल्यावर त्या नीट दिसायला हव्यातच. पण अख्खी भुवई कोरत बसायची नाही. जुन्या मस्काऱ्याचा धुऊन स्वच्छ केलेला ब्रश वरच्या दिशेने फिरवायचा, विरळ जागी पेन्सिलने केसाएवढ्या दोन-चार बारीक रेघा, परत ब्रश. पेन्सिल केसांच्या रंगापेक्षा किंचित फिकी. काळ्याभोर केसांनाही गडद तपकिरीच, काळी पेन्सिल लावली की चेहरा रागीट दिसतो. बाळंतपणानंतर तीनेक महिन्यांनी केस गळायला लागतात आणि कपाळाच्या कडेला टाळू दिसायला लागतो, तो काळ चालू असेल तर तिथे मॅट तपकिरी आयशॅडो बोटाने दाबून टाका. केस परत येईपर्यंत तेवढ्याने छान निभावतं.

डोळ्यांखालच्या वर्तुळांबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण मनात असणारच. कन्सीलर, म्हणजे डाग झाकायचं क्रीम, घेण्याआधी एक करून बघा. आरसा घेऊन खिडकीकडे तोंड करा आणि हनुवटी वर उचला. काळेपणा बराचसा गेला, तर तो रंग नाही, खड्ड्याची सावली आहे. सावलीवर कितीही कन्सीलर थापलं तरी ती तिथेच राहते, उलट बारीक सुरकुत्या उठून दिसतात. ते सोडून द्या. काळेपणा तसाच राहिला तर मात्र पीच किंवा आपल्या त्वचेच्या मानाने नारिंगीकडे झुकणारा रंग घ्या, कारण नारिंगी निळसरपणाला मारतो. आपल्यापेक्षा दोन शेड उजळ कन्सीलर घेतलं की डोळ्यांखाली राख फासल्यासारखं दिसतं. ही चूक मी पूर्ण एक ट्यूब संपेपर्यंत केली आहे. नाकाकडच्या कोपऱ्यात एक टिंब, अनामिकेने थोपटायचं, झालं. त्या बोटाचा जोर आपसूक कमी पडतो म्हणून तेच. बोटाच्या उबेने क्रीम विरघळून बसतं, स्पंज शोधत फिरायला नको.

मस्कारा खरं तर माझ्या निकषात नापास, दोन डोळ्यांचं प्रकरण आहे ना. म्हणून सगळ्यात शेवटी आणि एकच पातळ हात, तोही वरच्याच पापण्यांना. खालच्या पापण्यांचा मस्कारा दुपारपर्यंत गालावर उतरतो. ट्यूबिंग मस्कारा मिळाला तर तोच घ्या. तो प्रत्येक पापणीभोवती नळीसारखा बसतो, पसरत नाही, आणि रात्री कोमट पाण्याने नळ्या नळ्याच निघून येतात. वॉटरप्रूफ काढायला तेल, कापूस आणि पाच मिनिटं लागतात. रात्री साडेदहाला ती पाच मिनिटं कुणाकडे असतात? मस्कारा उघडला की तीन महिन्यांनी टाकून द्यायचा, कितीही जीव तुटला तरी. ओली नळी, रोज आतबाहेर होणारा ब्रश आणि समोर डोळा. माझ्याकडे उघडल्याची तारीख पट्टीवर लिहून चिकटवलेली असते. लेन्स लावत असाल तर त्या मेकअपच्या आधी.

आणि सुटी पावडर बाळाच्या आसपास उडवू नका, ती त्याच्या श्वासात जाते. लागलीच तर दाबलेली, नाकाच्या दोन बाजूंना, बस.

वस्तू पाचच, एका छोट्या पाऊचमध्ये, बाकी सगळा खजिना दुसऱ्या डब्यात उंचावर. सकाळी वेळ लावण्यात जात नाही, शोधण्यात आणि "आज कुठली लावू" यात जातो. पाऊचही मुलांच्या हाताला येणार नाही असं ठेवा. माझ्या लेकीने माझी सगळ्यात लाडकी लिपस्टिक फ्रिजच्या दारावर सूर्य काढण्यात संपवली. सूर्य चांगला आला होता, म्हणून ओरडताही येईना. आरसा मात्र बाथरूममधून खिडकीपाशी हलवा. पिवळ्या दिव्याखाली लावलेला ब्लश बाहेर आल्यावर किती लाल दिसतो हे गाडीच्या काचेत कळतं, तेव्हा उशीर झालेला असतो.

राहिलं लायनर. त्याची रेघ काढायचीच नाही. काजळाची मऊ पेन्सिल घ्या, वरच्या पापणीच्या केसांच्या मुळांशी टिंबं टिंबं दाबा आणि बोटाने किंवा कापसाच्या काडीने जरा पुसट करा. पापण्या दाट वाटतात, आणि दोन डोळ्यांत एकोणीस-वीस झालं तरी कुणाच्या लक्षात येत नाही. फक्त हे चालत्या गाडीत करू नका. मी केलं आहे. गाडीला गचका बसला, पेन्सिल डोळ्यात गेली आणि डोळा दिवसभर लाल. त्या दिवशीही सगळ्यांनी विचारलं, "बरं नाहीये का?"