ट्रम्पला मत देणारे अमेरिकन खरंच अडाणी आणि द्वेष्टे असतात का? देशातली फूट त्यांना कशी दिसते?

प्रश्नात "खरंच" हा शब्द आहे, म्हणून लिहायला बसलो. विचारणाऱ्याच्या मनात निदान शंका तरी आहे. माझ्या धाकट्या भावाच्या मनात तीही नाही.

मी १९९८ पासून पेनसिल्व्हेनियातल्या ईरी गावात राहतो, त्याच नावाच्या सरोवराच्या काठावर. आधी भोसरीत एका टूलरूममध्ये, म्हणजे साचे बनवणाऱ्या कारखान्यात, प्लॅस्टिकच्या मोल्डचं डिझाइन करायचो, इथेही तेच करत आलो. ईरी काउंटीने ओबामांना दोनदा निवडलं, २०१६ मध्ये ट्रम्पना, २०२० मध्ये बायडनना आणि २०२४ मध्ये परत ट्रम्पना. म्हणजे ज्यांच्याबद्दल तुम्ही विचारताय, त्यातल्या कित्येकांनी आधी एका काळ्या माणसाला मत दिलेलं आहे. एवढी एक गोष्ट भावाच्या गळी उतरवायचा मी आठ वर्षं प्रयत्न करतोय.

मराठी वर्तमानपत्रं कॉन्झर्व्हेटिव्हला "पुराणमतवादी" म्हणतात. तो शब्द एकदा वापरला की पुढे विचार करायची गरजच उरत नाही. मी कॉन्झर्व्हेटिव्हच लिहिणार.

इथे आलो त्याच वर्षी थँक्सगिव्हिंगनंतरच्या सोमवारी मी एका नव्या मोल्डची ट्रायल लावली होती. सकाळी सहाला गेलो तर शॉप फ्लोअर रिकामा. मशीनवर कुणी नाही, फिटर नाहीत. हरणांच्या शिकारीचा पहिला दिवस. शाळांनाही सुट्टी. पुढे २०१९ मध्ये मोसम शनिवारी सुरू करायचं ठरलं तेव्हा इथे लोक असे हळहळले, जसं आपल्याकडे कुणी गणपती रविवारी बसवायचे ठरवावं. बापाने पोराला पहिल्यांदा जंगलात न्यायचं, भडक नारिंगी जाकीट घालायचं, हरणाचं मटण मार्चपर्यंत फ्रीजरमध्ये पुरवायचं. आमच्या शेजाऱ्यांची रायफल त्यांच्या वडिलांची आहे. बंदूक म्हटलं की भावाला टीव्हीवरच्या बातम्या आठवतात, शेजाऱ्यांना वडील. एप्रिल २००८ मध्ये ओबामा सॅन फ्रान्सिस्कोतल्या देणगीदारांसमोर म्हणाले की कामधंदा गेलेले पेनसिल्व्हेनियातले छोट्या गावांतले लोक कडवट होतात आणि बंदुका नाहीतर धर्म कवटाळून बसतात. ते वाक्य इथे आजही लोक विसरलेले नाहीत. आमच्याबद्दल, आमच्या मागे, पैसेवाल्यांपुढे बोलले, हा त्यातला सल आहे.

आता डिसेंबर २०१७. भाऊ कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटहून बायको आणि मुलीला घेऊन नाताळच्या सुट्टीत आमच्याकडे आला होता. ईरीला बर्फ नवा नाही, पण २५ तारखेला एका दिवसात ३४ इंच पडला. तो इथला विक्रम आहे. एकूण बर्फ पाच फुटांच्या वर गेला. दार उघडलं तर समोर छातीएवढी भिंत. आणि भावाची सात वर्षांची मुलगी तापाने फणफणलेली.

२६ला सकाळी बाहेर स्नोब्लोअरचा आवाज आला. शेजारी. तेव्हा वय ७४. बायकोने फोनवर त्यांच्या बायकोला मुलीचं सांगितलं होतं, एवढंच. तीन तास लागले त्यांना आमचा ड्राइव्हवे मोकळा करायला, त्यांचा स्वतःचा अजून तसाच होता. मग मुलीला आणि भावाला आपल्या ट्रकमध्ये घालून दवाखान्यात नेलं, परत आणलं.

दुपारी बायकोने त्यांना जेवायला थांबवलं. वरणभात, बटाट्याची भाजी. आमच्याकडे जेवणाआधी श्लोक म्हणतात. ते हात जोडून, डोळे मिटून तो संपेपर्यंत थांबले. दोन घास झाले नाहीत तोच भावाने विचारलं, २०१६ला मत कुणाला दिलंत? ते म्हणाले, ट्रम्पना. भाऊ म्हणाला, म्हणजे आमच्यासारख्यांना हाकलून द्यायला.

त्यांनी चमचा खाली ठेवला आणि बरंच बोलले. इतकं बोलताना मी त्यांना आधी कधी ऐकलं नव्हतं. पोलिश कॅथलिक घर, चाळीस वर्षं वेल्डर, युनियनचे पक्के, जन्माचे डेमोक्रॅट. त्यांचा नेता बॉब केसी, राज्याचा डेमोक्रॅट गव्हर्नर. कामगारांच्या बाजूचा, गरीब मुलांसाठी आरोग्य विमा आणणारा आणि गर्भपाताला कडवा विरोध करणारा. १९९२ मध्ये न्यूयॉर्कच्या अधिवेशनात त्याच्याच पक्षाने त्याला व्यासपीठावर बोलू दिलं नाही. पक्षवाले सांगतात, त्याने क्लिंटनना पाठिंबा जाहीर केला नव्हता म्हणून. शेजाऱ्यांच्या मते ते निमित्त होतं. त्यांच्यासारख्या माणसाला पक्षात जागा नाही, हे त्यांना त्या दिवशी कळलं. तरीही पुढे वीस वर्षं ते त्याच पक्षाला मत देत राहिले, युनियनसाठी. ओबामांनाही दिलं, दोन्ही वेळा. मग सप्टेंबर २०१६ मध्ये हिलरी म्हणाल्या की ट्रम्पचे निम्मे समर्थक "डिप्लोरेबल्स"च्या, म्हणजे धिक्कार करण्याजोग्या माणसांच्या टोपलीतले. आणि २००८ मध्ये ओबामांच्या त्या बोलण्याला तुच्छतेचं म्हणणाऱ्या याच बाई होत्या. शेजारी म्हणाले, मी त्यांच्या टोपलीत आहे हे मला माझ्या पक्षाकडून कळलं.

कारखान्यांचं बोलणं निघालं तेव्हा मी मान डोलावत होतो, कारण ते मी डोळ्यांनी पाहिलंय. नाफ्टा, म्हणजे अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिकोमधला मुक्त व्यापाराचा करार, १ जानेवारी १९९४ला लागू झाला, २००१च्या डिसेंबरात चीन जागतिक व्यापार संघटनेत आला. दोन्हीला दोन्ही पक्षांनी पाठिंबा दिला. पुढच्या काही वर्षांत आमच्या ओळखीच्या टूलरूम एकेक करून बंद पडल्या. आम्हाला नुसतं पोलाद ज्या भावात पडायचं, त्या भावात तिकडून तयार मोल्ड यायचा. मी डिझाइनवाला म्हणून टिकलो. माझ्याबरोबरचे पॉलिशिंग करणारे, वीस-वीस वर्षं हात बसलेले कारागीर गोदामात खोकी उचलायला लागले. त्यांना टीव्हीवर सांगण्यात आलं, नवीन शिका.

शेवटी ते भावाला म्हणाले, "तुम्ही दोघंही इंजिनिअर. पार्ट बिघडून आला तर आधी कारण शोधता ना?"

भाऊ माझ्याकडे वळून मराठीत म्हणाला, "दादा, ह्या अडाण्याशी काय डोकं लावायचं?"

शब्द कळला नसेल, सूर कळला. त्यांनी ताट उचलून सिंकमध्ये ठेवलं, बायकोचे आभार मानले आणि गेले. स्वतःचा ड्राइव्हवे साफ करायला.

त्या रात्री आम्ही भावंडं जे भांडलो, त्यातच तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं माझं उत्तर आहे. वाईजवळच्या आमच्या गावात बायकांनी बाटली आडवी केली, मतदान करून दारूचं दुकान बंद पाडलं. आमचे अप्पा माळकरी. त्या मतदानासाठी ते म्हातारपणी घरोघर फिरले. भावाने त्याचं केवढं कौतुक केलं होतं! गावाने आपलं आपण ठरवलं, म्हणे. मी त्याला म्हटलं, पेनसिल्व्हेनियातही अशी गावं आहेत, मतदान करून दारूबंदी ठेवणारी. रविवारी शिकार करायची नाही हा कायदा इथे पिढ्यान्‌पिढ्या होता. इथल्या लोकांनाही तेच हवंय. आपल्या गावात काय चालेल, पोरांना शाळेत काय शिकवायचं, हे आपण ठरवायचं. कॉन्झर्व्हेटिव्ह माणसाच्या नजरेने बघितलं तर गेल्या साठ वर्षांत एकेक गोष्ट त्याच्या हातातून काढून वर नेली. १९६२ मध्ये सरकारी शाळेतली प्रार्थना, १९७३ मध्ये गर्भपात, २०१५ मध्ये लग्नाची व्याख्या. ठरवलं नऊ न्यायाधीशांनी, त्याला कुणी विचारलंच नाही. अप्पांनी केलं की लोकशाही आणि यांनी केलं की अडाणीपणा, हे कसं?

जून २०२२ मध्ये गर्भपाताचा निर्णय सुप्रीम कोर्टाने परत राज्यांकडे दिला. पुढच्या वर्षी शेजारच्या ओहायोत मतदान झालं आणि जवळपास ५७ टक्के लोकांनी गर्भपाताचा हक्क राज्याच्या घटनेत घातला. शेजाऱ्यांच्या मनाविरुद्ध. मी मुद्दाम विचारलं. म्हणाले, हरलो, वाईट वाटलं, पण विचारलं तरी.

आता दुसरी बाजू, ती न लिहिता पुढे गेलो तर मीही भावासारखाच. गावाने ठरवायचं हे ऐकायला छान आहे, पण अप्पांच्याच गावात पाणवठे वेगळे होते आणि ते गावाने मतदान घेऊन एक केलेले नाहीत. बाबासाहेबांना महाडला १९२७ मध्ये चवदार तळ्यावर जावं लागलं, पुढे वरून कायदा यावा लागला. अमेरिकेच्या दक्षिणेत "आमचं आम्ही ठरवू" म्हणणाऱ्यांनी काळ्या मुलांना गोऱ्यांच्या शाळांबाहेर ठेवलं, तिथे कोर्टच लागलं, १९५४ला. ईरीच्या पूर्व भागातल्या काळ्या माणसाला हा प्रश्न विचारा, तो माझ्यासारखं उत्तर देणार नाही. समलिंगी लग्नाबद्दल माझं आणि शेजाऱ्यांचं पटत नाही, त्यांनाही ते माहीत आहे.

भाऊ उगाच चिडला होता असंही नाही. २०१७च्याच फेब्रुवारीत कॅन्सासमध्ये ओलेथाच्या एका बारमध्ये एकाने "माझ्या देशातून चालते व्हा" म्हणत हैदराबादच्या तरुण इंजिनिअरला गोळी घालून मारलं. ती भीती खरी होती, मलाही वाटली होती. पण त्या मारेकऱ्याला अडवायला उठून गोळी झेललेला माणूस तिथलाच, गोरा होता, हे भाऊ सांगत नाही.

आणि कॉन्झर्व्हेटिव्ह म्हणजे सगळे एका माळेचे मणी नव्हेत. टॉम रिज आमच्या ईरीचे, रिपब्लिकन गव्हर्नर, नंतर होमलँड सिक्युरिटीचे पहिले मंत्री. २०२० मध्ये त्यांनी उघडपणे बायडनना मत दिलं. ६ जानेवारी २०२१ला कॅपिटलवर, म्हणजे इथल्या संसदेवर, ट्रम्पच्या समर्थकांनी हल्ला केला, त्यानंतर महाभियोगात ट्रम्पना दोषी ठरवायला मत देणाऱ्यांत आमचे रिपब्लिकन सिनेटर पॅट टूमीही होते. शेजाऱ्यांनाही त्या दिवसाची लाज वाटते. तरी २०२४ मध्ये त्यांनी ट्रम्पनाच मत दिलं. हे मला पटत नाही, कळतं मात्र.

तेव्हा तुम्हाला सांगणं एवढंच: इथे आलात, कुणा अमेरिकन माणसाच्या घरी गेलात किंवा तो तुमच्याकडे आला, तर मत कुणाला दिलं हे पहिल्या जेवणाला विचारू नका. चाळीस वर्षं काय काम केलं ते विचारा. आणि ज्याने सकाळी तुमच्या आजारी पोरीला दवाखान्यात नेलं, त्याला दुपारी त्याच्यासमोर परक्या भाषेत नावं ठेवू नका. हा राजकारणाचा विषयच नाही, ही आईने शिकवलेली गोष्ट आहे आणि आई आमची दोघांची एकच होती.

शेजारी आता ८२ वर्षांचे आहेत. बायपासनंतर शिकार सुटली, रायफल नातीकडे गेली. त्यांच्या ड्राइव्हवेवरचा बर्फ मी काढतो. भावाची मुलगी दर नाताळला त्यांना कार्ड पाठवते, पाकिटावरचा पत्ता भावाच्या अक्षरात असतो. माझं तेवढ्याने समाधान होत नाही. त्याने इथे यावं, त्यांच्यासमोर बसावं, अडाणी या शब्दाचा अर्थ त्यांना इंग्रजीत सांगावा आणि माफी मागावी.