शून्य आलं म्हणजे क्लॉक मिळालं असं नाही

प्रश्न : बूट होताना लोगो दिसतो, मग स्क्रीन काळी पडते. लिनक्स कर्नलला ‘क्लॉक-इग्नोअर-अनयूज्ड’ हा पॅरामीटर दिला की चालतं. कायमचा ठेवू का?

नको. क्लॉक म्हणजे चिपच्या भागांना ठोका देणारा सिग्नल. बूटलोडरने (लिनक्सच्या आधी चालणाऱ्या प्रोग्रामने) चालू ठेवलेलं पण कुठल्याच ड्रायव्हरने न मागितलेलं क्लॉक लिनक्स बूटच्या शेवटी बंद करतं. म्हणजे तुमच्या ड्रायव्हरने काहीतरी मागायचं राहिलंय. पॅरामीटर निदानापुरता आहे. ‘टाका, चालतं’ असं कुणीतरी सांगतं आणि तो थेट विक्रीच्या इमेजमध्ये जाऊन बसतो! नेमकं कोणतं क्लॉक राहिलं, ते चिपच्या मॅन्युअलमध्ये शोधा. नाही सापडलं तर क्लॉक ड्रायव्हर सांभाळणाऱ्यांना विचारा.

प्रश्न : इंटरप्ट हँडलरमधून क्लॉक चालू करता येतं का?

क्लॉक दोन पायऱ्यांत चालू होतं: आधी ‘प्रिपेअर’, मग ‘एनेबल’. हँडलरमध्ये ‘एनेबल’ चालतं, ‘प्रिपेअर’ नाही. ‘प्रिपेअर’ झोपू शकतं, म्हणजे वाट पाहत थांबू शकतं, आणि हँडलरमध्ये थांबायला बंदी आहे.

प्रश्न : क्लॉकचा दर लावणारं क्लॉक-सेट-रेट शून्य परत करतं, म्हणजे यशस्वी. तरी मॉनिटर ‘आउट ऑफ रेंज’ दाखवतो. मॉनिटर खराब आहे का?

मॉनिटरला सोडा. हा प्रश्न वेगवेगळ्या वेषांत सतत येतो. शून्याचा अर्थ ‘एरर आली नाही’ एवढाच. मागितला तोच दर मिळाला, असं त्यात कुठेही नाही. समजा, पीएलएल (मूळ क्लॉक तयार करणारं सर्किट) 594 मेगाहर्ट्झवर स्थिर आहे आणि पुढे फक्त पूर्णांकी डिव्हायडर, म्हणजे पूर्ण संख्येनेच भागणारं सर्किट आहे. 1080पी60 ला (कडेच्या न दिसणाऱ्या भागासह) 2200 × 1125 × 60, म्हणजे 148.5 मेगाहर्ट्झ लागतात; चारने भागलं, झालं काम. आता 1280 × 1024 लावा. त्याला हवेत 108. पाचने भागून 118.8 येतात, सहाने 99. खाली राउंड करणारा डिव्हायडर 99 देतो, वर शून्य परत करतो, आणि तुम्ही 60 च्या जागी 55 हर्ट्झ पाठवत बसता. वेसा या डिस्प्लेची मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या डीएमटी या मानकात सवलत आहे ±0.5 टक्के, इथे चूक आठ टक्क्यांच्या वर.

म्हणून खरोखर किती दर मिळेल ते क्लॉक-राउंड-रेटने आधी विचारा, आणि तेही मोड-व्हॅलिडमध्ये, म्हणजे एखादा मोड (रिझोल्यूशन आणि हर्ट्झ) चालेल का हे ड्रायव्हर सांगतो तिथे. जमत नसेल तर तो मोड यादीतच येऊ देऊ नका. बरेच जण ही तपासणी अ‍ॅटॉमिक कमिटमध्ये, म्हणजे मोड प्रत्यक्ष लावतानाच्या टप्प्यात ढकलतात. तिथे नकार द्यायची सोयच नसते, फार तर लॉगमध्ये एक ओळ लिहाल. नकार द्यायचा तो त्याआधीच्या चेकमध्येच. पीएलएल दोन डिस्प्लेंनी वाटून घेतलेला असेल तर राउंड-रेटचं उत्तरही नंतर बदलू शकतं. अशा वेळी क्लॉक ड्रायव्हरवाल्यांशी बोलल्याशिवाय पॅच पाठवू नका.

प्रश्न : दुसरा डिस्प्ले लावला की पहिला लुकलुकतो.

दोघांचा पीएलएल एकच असणार. ‘सेट-रेट-पेरेंट’ फ्लॅगमुळे दुसऱ्याची मागणी वर जाते आणि पहिल्याच्या पायाखालची जमीन सरकते. क्लॉक-सेट-रेट-एक्सक्लुझिव्हने दर धरून ठेवता येतो, पण मग दुसऱ्याला मनासारखा मोड मिळेलच असं नाही. पीएलएलची वाटणी हार्डवेअरच्या टीमबरोबर आधीच ठरवायची असते, बोर्ड छापून आल्यावर नाही.

प्रश्न : खोक्यावर ‘4के’ लिहिलंय. 60 हर्ट्झ मिळतील?

खोक्यावर हर्ट्झ का लिहिले नाहीत, हे विक्रेत्याला विचारा. 4के30 ला 297 मेगाहर्ट्झ लागतात, पूर्ण रंगांसह 4के60 ला 594. एचडीएमआय 1.4 ची मर्यादा 340 आहे.

प्रश्न : क्लॉक-समरीत (कर्नल दाखवतो त्या क्लॉकच्या यादीत) 148500000 दिसतंय. मग तर बरोबर ना?

तो हिशेबाने काढलेला आकडा आहे, मोजलेला नाही. डिव्हायडरचं गणित ड्रायव्हरमध्ये चुकलं असेल तर इथेही तेच चुकेल. सिग्नल मोजणारा ऑसिलोस्कोप लावा, किंवा ज्याच्याकडे आहे त्याला गाठा.