पॅराथायरॉइडचं ऑपरेशन: आधी स्कॅन की आधी सर्जन?

काकू, तुमचं पत्र आणि रिपोर्ट दोन्ही वाचले. इंदूरला रामबागेत राहता, वय ६३, रक्तातलं कॅल्शियम ११.६ म्हणजे जास्त, पीटीएच (मानेतल्या चार पॅराथायरॉइड ग्रंथींचं, कॅल्शियम वाढवणारं संप्रेरक) वाढलेलं, दोन वर्षांपूर्वी मुतखडा झालेला. सोनोग्राफीत डावीकडे खाली गाठीची शंका, सेस्टामिबी स्कॅनमध्ये (किरणोत्सर्गी औषध टोचून गाठ शोधतात त्यात) मात्र काहीच नाही. आता कोलीन पेट या आणखी बारकाईने गाठ शोधणाऱ्या स्कॅनसाठी बाहेरगावी जायचं, तर प्रवासासह ३०,००० रुपये लागतील. त्यासाठी एफडी मोडावी, की स्कॅनमध्ये काही दिसलं नाही म्हणून ऑपरेशनच सोडून द्यावं, असं तुम्ही विचारलंय.

ऑपरेशन सोडण्याचा विचार पैशाच्या हिशेबानेही मला पटत नाही. आजार आहे की नाही हे रक्त आणि लघवीच्या तपासण्यांवरून ठरतं. चार ग्रंथींपैकी बिघडलेली कुठे बसली आहे, एवढंच स्कॅन सांगतो. त्यात गाठ दिसली नाही तरी कॅल्शियम हाडांतून निघतच राहतं. पुन्हा खडा झाला किंवा खुबा मोडला, तर आजचे वाचवलेले ३०,००० कुठल्या कुठे जातील. ऑपरेशन करायचं की नाही, हे अर्थात तुमचे डॉक्टरच ठरवतील.

पेट स्कॅन वाईट नाही. सेस्टामिबीत न दिसलेली गाठ त्यात बरेचदा सापडते, आणि जागा पक्की कळली तर छोट्या छेदात काम होतं. पण त्याची गरज आहे की नाही, हे सर्जन ठरवतो. पॅराथायरॉइडची ऑपरेशनं नेहमी करणारा सर्जन सोनोग्राफी स्वतः पुन्हा करून बघेल आणि कदाचित म्हणेल, एवढं पुरे, गरज पडली तर चारही ग्रंथी तपासू. अमेरिकेतले जॉन डॉपमन स्वतः रेडिओलॉजिस्ट होते, तरी त्यांनी १९८०च्या दशकातच सांगून ठेवलं होतं की अनुभवी सर्जन शोधणं हीच खरी शोधतपासणी. म्हणून पहिला खर्च सर्जनच्या फीचा करा. वर्षाला अशी किती ऑपरेशनं करता, ऑपरेशन चालू असताना पीटीएच मोजायची सोय आहे का, हे संकोच न करता विचारा. लखनौच्या एसजीपीजीआयमध्ये एंडोक्राइन सर्जरीचा स्वतंत्र विभाग आहे, तोही विचारात घ्या. सर्जनने पेट स्कॅन मागितला तर बिनधास्त करा. मान आधी एकदा उघडलेली असती, तर मीच आग्रह धरला असता.

आता विमा. तुमच्या पुतण्याने सुचवलंय की एक दिवस ॲडमिट व्हा, स्कॅन विम्यातून निघेल. हे कृपा करून करू नका. निव्वळ तपासणीसाठी भरती झाल्यास खर्च न देण्याचं कलम आपल्याकडच्या पॉलिस्यांमध्ये असतं, आणि क्लेम नाकारल्याची नोंद पुढच्या मोठ्या क्लेमच्या वेळी आडवी येऊ शकते. सरळ मार्ग आहेच. तुमच्या पॉलिसीत भरतीआधीच्या ३० दिवसांतला त्याच आजाराचा तपासणीखर्च मिळतो. सेस्टामिबी होऊन दोन महिने झाले, तो गेला. पण पेट करायचाच असेल तर ऑपरेशनची तारीख आधी घ्या आणि स्कॅन त्या ३० दिवसांत बसवा. डॉक्टरांची चिठ्ठी आणि मूळ बिल जपा. पॉलिसी सात वर्षं न चुकता चालू आहे, त्यामुळे खड्याच्या जुन्या आजारावरून प्रतीक्षा काळाची अडचण येऊ नये. खोलीभाड्याची मर्यादा मात्र बघा. त्यापेक्षा महाग खोली घेतली तर बाकीच्या बिलातही त्याच प्रमाणात कात्री लागू शकते.

एफडी मोडू नका. चार महिन्यांत मुदत संपतेय, आत्ता व्याज कशाला घालवायचं? बचत खात्यातल्या १,२०,००० मधून स्कॅन सहज होतो. कॅशलेसला उशीर होऊन मोठी रक्कम भरावी लागली, तर त्याच एफडीवर ओव्हरड्राफ्ट, म्हणजे एफडी तारण ठेवून उचल घ्या. बँका साधारण एफडीच्या दरापेक्षा एक-दोन टक्केच जास्त लावतात, आणि तेही वापरलेल्या रकमेवर. त्याचा अर्ज भरतीआधीच करून ठेवा.

ऑपरेशननंतर कॅल्शियम एकदम खाली येऊ शकतं, म्हणून काही आठवडे गोळ्या आणि रक्ततपासण्या चालतील. तुमच्या पॉलिसीत घरी सोडल्यानंतर ६० दिवसांपर्यंतचा असा खर्च मिळतो, तेव्हा औषधांच्या दुकानातलं प्रत्येक बिल तुमच्याच नावाने घ्यायला काकांना सांगून ठेवा.