वाचकांचे प्रश्न : लिनक्स डेस्कटॉपमध्ये सुधारणा सुचवायची असेल तर

प्रश्न : आमच्या गावच्या सार्वजनिक वाचनालयातील संगणक कक्ष मी सांभाळते. विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि आमच्या जुन्या संगणकांवर विंडोज ११ बसत नसल्यामुळे आम्ही सर्व संगणकांवर लिनक्स घातले. संगणक पूर्वीपेक्षा वेगाने चालतात आणि सभासदही हळूहळू रुळले आहेत. परंतु काही अडचणी रोज समोर येतात. पेन ड्राइव्हवर फाइल कॉपी झाल्याचे दिसते, सभासद तो काढून घेतात आणि घरी गेल्यावर फाइल उघडत नाही. मराठी टायपिंगसाठी यादीत इतके पर्याय दिसतात की कोणता निवडावा हे कळत नाही. अपडेटची सूचना अधूनमधून येऊन पासवर्ड मागते. या गोष्टी सुधाराव्यात असे ज्यांना सांगायचे ते लोक कोण आहेत, त्यांना कसे कळवावे आणि आमच्यासारख्या सामान्य वापरकर्त्यांचे तेथे खरोखर कोणी ऐकते का?
— एक ग्रंथपाल, सातारा जिल्हा

उत्तर : आपल्या शेवटच्या शंकेपासून सुरुवात करतो, कारण ती दूर झाल्याशिवाय कोणी सूचना लिहायला बसणार नाही. ऐकले जाते, आणि त्याचे दाखले आहेत. उबुंटू या लोकप्रिय लिनक्स प्रणालीच्या मंडळींनी २००९ मध्ये ‘वन हंड्रेड पेपर कट्स’ नावाचा उपक्रम हाती घेतला. त्यात मोठ्या नव्या सोयींच्या मागे न लागता, सामान्य माणसाला रोज टोचणारे पण सहज दुरुस्त होण्याजोगे दोष वापरकर्त्यांकडून गोळा करून ते दूर करण्यावर भर होता. लिनक्ससाठी डेस्कटॉप बनवणाऱ्या केडीई प्रकल्पाने २०२२ मध्ये अशाच हेतूने, संगणक सुरू केल्यापासून पहिल्या पंधरा मिनिटांत कोणालाही आढळतील अशा दोषांची वेगळी यादी ठेवून त्यांना अग्रक्रम दिला. मात्र ऐकले जाणे आणि लगेच केले जाणे यांत अंतर असते, हेही सांगितले पाहिजे. ग्नोम या दुसऱ्या डेस्कटॉपमध्ये फाइल निवडण्याच्या चौकटीत चित्रांच्या लहान प्रतिमा जाळीच्या मांडणीत दिसाव्यात, ही मागणी २००४ मध्ये नोंदवली गेली होती. ती सोय प्रत्यक्ष वापरकर्त्यांच्या हाती आली मार्च २०२३ मध्ये, ग्नोम ४४ सोबत. मागणी रास्त आहे हे मान्य होऊनही, ती पूर्ण करण्यासाठी आतली बरीच जुनी रचना बदलावी लागते आणि ते काम अंगावर घेणारा माणूस मिळावा लागतो.

आता कोणाकडे जावे हा प्रश्न. आपण आपल्या संगणकांवर ‘लिनक्स’ आहे एवढेच लिहिले आहे, परंतु त्या नावाचे एकच कार्यालय कुठेही नाही. लिनक्स हा आतला गाभा म्हणजे कर्नल आहे. आपल्या डोळ्यांसमोरचा पट्टा, खिडक्या, मेनू आणि फाइल व्यवस्थापक हे डेस्कटॉपचे काम असते, आणि कर्नल, डेस्कटॉप व इतर सॉफ्टवेअर एकत्र बांधून आपल्याला देणारी संस्था किंवा मंडळी म्हणजे डिस्ट्रो. उबुंटूच्या मुख्य आवृत्तीत आणि फेडोरा वर्कस्टेशनमध्ये ग्नोम डेस्कटॉप असतो, कुबुंटूमध्ये केडीईचा प्लाझ्मा असतो, लिनक्स मिंटचा प्रमुख डेस्कटॉप सिनॅमन आहे, आणि सी-डॅकने भारतीय भाषा डोळ्यांसमोर ठेवून तयार केलेली बॉस ही प्रणाली डेबियनवर आधारलेली आहे. सेटिंग्जमध्ये ‘अबाउट’ किंवा ‘सिस्टिम इन्फो’ अशा नावाचे पान असते. तेथून डिस्ट्रोचे नाव, तिची आवृत्ती आणि डेस्कटॉपची आवृत्ती लिहून घ्यावी. या माहितीशिवाय पाठवलेल्या तक्रारीला पहिले उत्तर हीच माहिती विचारणारे येते, आणि पुष्कळ तक्रारी तेथेच थांबतात.

दोष डिस्ट्रोचा की डेस्कटॉपचा हे ठरवण्याचा एक सोपा मार्ग आहे. तोच डेस्कटॉप असलेली दुसरी डिस्ट्रो पेन ड्राइव्हवर घेऊन, संगणकात न बसवता, थेट त्यावरून सुरू करून पाहावी. तेथेही तीच अडचण आली तर ती बहुधा डेस्कटॉप बनवणाऱ्यांकडे न्यायची असते. न आली तर डिस्ट्रोकडे. उबुंटूच्या तक्रारी लॉन्चपॅडवर, ग्नोमच्या त्यांच्या स्वतःच्या गिटलॅबवर, केडीईच्या त्यांच्या बगझिलावर आणि लिनक्स मिंटच्या गिटहबवर, म्हणजे दोष नोंदवण्याच्या त्या त्या संकेतस्थळावर, नोंदवल्या जातात. चुकीच्या ठिकाणी गेलेली तक्रार कधीकधी कोणी सौजन्याने योग्य जागी पाठवतो, परंतु त्यावर विसंबून राहू नये.

पेन ड्राइव्हची अडचण मी मुद्दाम सविस्तर घेतो, कारण चांगली सूचना कशी घडते हे तिच्यावरून नीट समजते. लिनक्स फाइल कॉपी करताना ती आधी संगणकाच्या मेमरीत घेते आणि मग सवडीने पेन ड्राइव्हवर लिहिते. कर्नलच्या मूळ मांडणीत, उपलब्ध मेमरीच्या सुमारे २० टक्क्यांपर्यंत मजकूर असा लिहिण्याच्या प्रतीक्षेत राहू शकतो. आठ गिगाबाइट मेमरीच्या संगणकावर हा आकडा सहज एक गिगाबाइटच्या आसपास जातो, म्हणजे सभासदाची दोनशे मेगाबाइटची फाइल पूर्णपणे मेमरीतच असताना पडद्यावरची पट्टी भरून ‘झाले’ असे दिसू शकते. अंतर्गत चकतीच्या बाबतीत याने काही बिघडत नाही, उलट कामाला वेग येतो. पण जी वस्तू माणूस पुढच्याच क्षणी उपटून खिशात घालणार आहे, तिच्या बाबतीत ही पट्टी खरी माहिती देत नाही. आपल्या सभासदांचीही यात चूक नाही. विंडोज १० मध्ये २०१८ च्या ऑक्टोबर अपडेटपासून पेन ड्राइव्हसाठी झटपट काढण्याची पद्धत हाच मूळ पर्याय झाला, त्यामुळे ‘इजेक्ट’ न करता पेन ड्राइव्ह काढण्याची सवय त्यांना दुसऱ्या प्रणालीनेच लावलेली आहे.

आता या अडचणीवर ‘कर्नलमधील ही साठवण बंद करा’ असे लिहून पाठवले, तर ती सूचना बहुधा फेटाळली जाईल. तसे केल्यास लिहिण्याचा वेग फार खाली येतो आणि इतर हजारो ठिकाणी त्याचा त्रास होतो, हे कर्नल लिहिणाऱ्यांना ठाऊक असते. ‘लिनक्स अजून सामान्य माणसासाठी तयार नाही’ असे लिहिले तर त्यातून कोणालाच काही करता येत नाही. याउलट, जे घडले ते पुढीलप्रमाणे लिहून पाहावे : ‘आमच्या वाचनालयात येणारे लोक फाइल व्यवस्थापकातून पेन ड्राइव्हवर पीडीएफ कॉपी करतात. प्रगतीची पट्टी काही सेकंदांत पूर्ण होते आणि नाहीशी होते. ते पेन ड्राइव्ह काढतात. फाइल दुसऱ्या संगणकावर अपुरी निघते. काम संपले असा त्यांचा समज पट्टी नाहीशी झाल्यामुळे होतो. बाहेरून जोडलेल्या उपकरणावर लिखाण खरोखर पूर्ण होईपर्यंत ती पट्टी दिसत राहिली, तर हे टळेल.’ यात माणूस काय करू पाहत होता, पडद्याने त्याला काय सांगितले, त्यावरून त्याने काय समजून घेतले आणि नुकसान कोठे झाले, हे पाच वाक्यांत येते. शेवटी उपाय सुचवला आहे, पण तो फाइल व्यवस्थापकाच्या कक्षेतला आहे आणि आग्रहाने लादलेला नाही. उपायांची निवड कोड जाणणाऱ्यांवर सोडणे बहुतेक वेळा हिताचे असते. अडचणीचे वर्णन मात्र आपल्याइतके नेमके ते करू शकत नाहीत, कारण ते आपल्या कक्षात बसलेले नसतात.

ही अडचण जुनी आहे, त्यामुळे ती आधीच कोणी नोंदवलेली असण्याची शक्यता मोठी आहे. नवी नोंद करण्यापूर्वी शोध घ्यावा, आणि जुनी नोंद सापडली तर तिच्याखाली ‘आमचेही असेच होते’ एवढेच न लिहिता आवृत्ती, फाइलचा आकार आणि सभासदांची सवय ही नवी माहिती जोडावी. तोवर ‘पेन ड्राइव्ह काढण्यापूर्वी इजेक्ट करा आणि संदेश येईपर्यंत थांबा’ अशी मराठी चिठ्ठी प्रत्येक संगणकाजवळ लावणे आवश्यक आहे. सूचना मान्य होईपर्यंत लोकांच्या फाइली बिघडू देणे योग्य नाही.

मराठी टायपिंगची अडचण अधिक महत्त्वाची आहे, कारण ती आपण सांगितली नाही तर कोणीच सांगणार नाही. इनपुटच्या यादीत मराठीसमोर इनस्क्रिप्ट, इनस्क्रिप्ट२, आयट्रान्स, फोनेटिक अशी नावे दिसतात. ज्याने ही नावे कधी ऐकलीच नाहीत त्याला, सरकारी परीक्षेसाठी शिकलेले टायपिंग कोणते आणि इंग्रजी अक्षरांवरून मराठी उमटवणारे कोणते, हे त्यांवरून कळण्याचा मार्ग नाही. येथे सूचना करताना, प्रत्येक पर्यायासमोर एका ओळीत साध्या भाषेतील वर्णन आणि निवडण्यापूर्वीच दोन शब्द टाइप करून पाहण्याची जागा मागता येईल. त्याचबरोबर ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्यावर’ हे शब्द प्रत्येक पर्यायात कसे उमटतात हे तपासून त्याचे पडद्यावरील चित्र जोडावे. इनस्क्रिप्टमध्ये शिफ्टसह जे दाबून ‘ऱ’ मिळतो आणि त्यापुढे हलन्त व ‘य’ दिल्यावर अक्षर बरोबर जुळते; पण हे न सांगता कोणाला सापडत नाही, आणि साधा ‘र’ वापरला तर ‘आचार्य’मधल्यासारखा रफार येऊन शब्द अशुद्ध होतो. मराठी न वाचणाऱ्या विकासकाला, म्हणजे सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याला, या दोन रूपांतील फरक दिसूच शकत नाही. त्याला दोन्ही चित्रे शेजारी ठेवून कोणते बरोबर आणि कोणते चूक हे लिहून द्यावे लागते.

अपडेटच्या सूचनेबाबत मात्र कोणाला लिहिण्याची गरज नाही. सभासदांसाठी प्रशासकाचे अधिकार नसलेले वेगळे खाते करावे आणि अपडेट आपण स्वतः आठवड्यातून ठरलेल्या दिवशी करावे.

एक गोष्ट आपल्या हातात आहे जी बहुतेक विकासकांच्या हातात नसते : आपल्याकडे रोज नवे वापरकर्ते येतात. वापरसुलभतेचे तज्ज्ञ याकोब नील्सन यांनी २००० मध्ये असे मांडले होते की केवळ पाच जणांना वापर करताना नीट पाहिले तरी रचनेतील बहुतांश दोष लक्षात येतात. एखाद्या सभासदाची परवानगी घेऊन त्याला ‘हे पत्र टाइप करून छापा’ एवढेच काम द्यावे, मनात येईल ते मोठ्याने बोलायला सांगावे आणि मदत करण्याचा मोह आवरून, तो कोठे अडला व काय म्हणाला हे लिहून घ्यावे. पाच जणांची अशी टिपणे ‘माझ्या मते मेनू डावीकडे हवा’ या प्रकारच्या मतापेक्षा कितीतरी वजनदार ठरतात. सभासदांची नावे त्यात घालू नयेत, कारण या नोंदी जगातल्या कोणालाही वाचता येतात.

प्रश्न : मी पदवीच्या पहिल्या वर्षाला आहे आणि माझे इंग्रजी कच्चे आहे. दोष मराठीतून नोंदवला तर चालतो का?
— एक विद्यार्थी, नागपूर

उत्तर : मुख्य नोंद इंग्रजीत असावी, कारण ती वाचणारी मंडळी अनेक देशांत विखुरलेली असतात आणि त्यांतील पुष्कळांची मातृभाषाही इंग्रजी नसते. त्यामुळे लहान, साधी वाक्ये पुरतात; व्याकरणाच्या चुकांवरून कोणी नोंद बंद करत नाही. पडद्याचे चित्र अवश्य जोडावे. प्रणाली मराठीत लावलेली असेल तर चुकीचा संदेशही मराठीत येतो, आणि तो शोधून काढणे विकासकाला कठीण जाते; अशा वेळी टर्मिनलमधून, म्हणजे आज्ञा टाइप करण्याच्या खिडकीतून, तो प्रोग्राम सुरू करण्याची आज्ञा तिच्याआधी ‘LANG=C’ हे इंग्रजी मोठ्या अक्षरांत लिहून चालवल्यास मूळ इंग्रजी संदेश मिळतो. दोष मराठी भाषांतरातच असेल, म्हणजे एखाद्या बटणावरील मजकूर अर्धवट, चुकीचा किंवा न कळणारा असेल, तर तो त्या प्रकल्पाच्या मराठी भाषांतर गटाला कळवावा. या गटांत माणसे कमी असतात, आणि आपण एका लहान प्रोग्रामचे शब्द नीट केले तरी त्याचा उपयोग थेट मराठी वापरकर्त्यांना होतो. सूचनेपासून सुधारणेपर्यंतचा इतका जवळचा रस्ता दुसऱ्या कोणत्याही कामात मला दिसत नाही.

प्रश्न : फाइल एका क्लिकऐवजी दोन क्लिकनेच उघडावी, अशी सूचना मी काही वर्षांपूर्वी एका प्रकल्पाकडे केली होती. ‘हे हेतुपूर्वक केले आहे’ असे लिहून ती बंद करण्यात आली. आता पुन्हा प्रयत्न करण्यात अर्थ आहे का?
— एक निवृत्त अभियंता, फोंडा

उत्तर : अर्थ आहे, आणि आपला विषय त्याचे उत्तम उदाहरण आहे. केडीईच्या प्लाझ्मामध्ये फाइल एका क्लिकने उघडणे हीच वर्षानुवर्षे मूळ मांडणी होती. फेब्रुवारी २०२४ मध्ये आलेल्या प्लाझ्मा ६ मध्ये ती बदलून दोन क्लिकची करण्यात आली, आणि ज्यांना जुनी पद्धत हवी त्यांच्यासाठी सेटिंग तसेच ठेवले गेले. मोठी आवृत्ती येताना मूळ मांडणीचा पुनर्विचार होतो, एरवी तो क्वचितच होतो, कारण चालू आवृत्तीत अचानक केलेला बदल लाखो जणांच्या सवयी मोडतो. म्हणून बंद झालेल्या नोंदीखाली वाद घालू नये. पुढच्या मोठ्या आवृत्तीची तयारी जाहीर झाली की नवी नोंद करावी, जुन्या नोंदीचा उल्लेख करावा आणि मधल्या काळात काय बदलले आहे ते लिहावे.

मात्र एक विनंती आहे. प्रत्येक मतभेदावर ‘सेटिंगमध्ये पर्याय द्या’ हा तोडगा सुचवू नये. प्रत्येक जादा पर्याय कोणाला तरी तपासावा लागतो, इतर पर्यायांशी जुळवावा लागतो आणि नव्या माणसाला वाचावा लागतो. मूळ मांडणी कोणती असावी याबद्दल निरीक्षणासह बाजू मांडणे अधिक कष्टाचे असते, पण सेटिंग कधीच न उघडणाऱ्या बहुसंख्य लोकांना त्याचाच लाभ होतो.