नोटिशीत ‘जादा क्लोरीन’ लिहिण्यापूर्वी

प्रश्न : मी आठ महिन्यांपासून एका क्लबची सभासद आहे. एका शनिवारी संध्याकाळी मी तिथल्या हॉट टबमध्ये सुमारे पाऊण तास बसले होते. पाण्याला क्लोरीनचा उग्र वास येत होता. सोमवारी सकाळी पोट, पाठ आणि मांड्यांवर, त्यातही पोहण्याच्या पोशाखाखाली, तांबडे पुरळ उठले आणि काही फोडांत पू झाला. टबमध्ये सोबत असलेल्या दोघी मैत्रिणींनाही तसेच झाले. माझी मुलगी केवळ तलावात पोहली होती, तिला काही झाले नाही. डॉक्टरांनी चिठ्ठीवर ‘ॲलर्जी, क्लोरीन?’ असे लिहून मलम दिले. व्यवस्थापक म्हणतात की माझीच त्वचा नाजूक आहे, शिवाय कपडे बदलण्याच्या खोलीत ‘स्वतःच्या जबाबदारीवर वापर करावा’ असा फलक आहे. सभासदत्वाच्या अर्जात ‘त्वचेचा विकार आहे का?’ या प्रश्नापुढे मी ‘नाही’ लिहिले होते, पण दोन वर्षांपूर्वी मला हातांना इसब झाला होता. क्लब आता एका महिन्याची वर्गणी परत द्यायला तयार आहे, मात्र ‘सर्व दावे पूर्ण व अंतिमरीत्या मिटले’ अशा पावतीवर सही मागतो. आज बारावा दिवस आहे. पुरळ गेले आहे, डाग उरले आहेत. जादा क्लोरीन टाकल्याबद्दल नोटीस पाठवू का?

उत्तर : नोटीस अवश्य पाठवा, परंतु तिच्यात ‘जादा क्लोरीन’ हे शब्द लिहू नका. तुम्ही दिलेली हकिकत बारकाईने वाचली तर ती नेमकी उलट दिशेला, म्हणजे पाण्यात जंतुनाशक कमी पडल्याकडे बोट दाखवते. उद्या क्लबने नोंदवही पुढे करून ‘आमच्याकडे त्या दिवशी क्लोरीन जास्त नव्हतेच’ असे सिद्ध केले, तर तुमचा खरा दावा तुमच्याच शब्दांमुळे कोसळेल.

याचे कारण वैद्यकीय आहे आणि ते समजून घेतल्याशिवाय कायद्याचा भाग नीट मांडता येणार नाही. रसायनामुळे त्वचा चुरचुरते तेव्हा त्रास बहुधा पाण्यात असतानाच किंवा बाहेर आल्यावर काही तासांत सुरू होतो, आणि पाणी जिथे जिथे लागले तिथे त्वचा कोरडी व लाल पडते. तुमचे पुरळ दीड दिवसाने उठले, त्यात पू होता आणि ते पोशाखाखाली दाट होते. ओला पोशाख दूषित पाणी त्वचेशी धरून ठेवतो, म्हणूनच स्यूडोमोनास एरुजिनोसा या जंतूमुळे केसांच्या मुळांना होणारा संसर्ग तिथे अधिक दिसतो. हा संसर्ग हॉट टबशी इतका जोडलेला आहे की इंग्रजीत त्याला ‘हॉट टब रॅश’ असेच म्हणतात. तो बहुतेकांत काही दिवसांत आपोआप बरा होतो. आरोग्याच्या दृष्टीने ही समाधानाची गोष्ट आहे, पण पुराव्याच्या दृष्टीने ती अडचणीची आहे, कारण तुमच्या अंगावरचा पुरावा आता जवळजवळ पुसला गेला आहे.

उग्र वासाबद्दलही एक समजूत दुरुस्त करायला हवी. तो वास भरपूर क्लोरीनची खूण नव्हे. घाम, लघवी आणि त्वचेवरील तेलकटपणा यांच्याशी क्लोरीनचा संयोग होऊन क्लोरामाइन नावाची संयुगे तयार होतात, आणि नाकाला झोंबतो तो त्यांचा वास. अशा पाण्यात जंतू मारायला मोकळे, म्हणजे कशाशीही संयोग न झालेले, क्लोरीन पुरेसे उरलेले नसणे अगदी शक्य असते. त्यातून हॉट टबचे पाणी गरम, प्रमाणाने थोडे आणि हवेच्या फवाऱ्यांनी सतत घुसळले जाणारे असल्यामुळे त्यातील क्लोरीन तलावापेक्षा लवकर संपते. म्हणूनच सीडीसी ही अमेरिकेची आरोग्यसंस्था तलावासाठी दशलक्ष भागांत किमान १ भाग क्लोरीन सांगते आणि हॉट टबसाठी किमान ३ भाग, क्लोरीनऐवजी ब्रोमिन वापरत असल्यास ४ ते ८ भाग, सामू म्हणजे पीएच ७.० ते ७.८ आणि तापमान ४० अंश सेल्सिअसपेक्षा जास्त नको, असे सांगते. तलावात पोहलेल्या मुलीला काही झाले नाही आणि टबमधल्या तिघींनाही झाले, ही तुमच्या पत्रातील सर्वांत मोलाची गोष्ट आहे. या दोन पाण्यांतील फरक तीच दाखवते.

तरीही रसायनाची शक्यता मी पूर्ण सोडून देणार नाही. ब्रोमिनच्या गोळ्यांमुळे आणि पाणी ‘शॉक’ करण्यासाठी, म्हणजे त्यातली साचलेली घाण एकदम तोडण्यासाठी, टाकल्या जाणाऱ्या पोटॅशियम मोनोपरसल्फेटमुळे काही जणांना खरी ॲलर्जी होते, आणि अशी ॲलर्जीदेखील एकदोन दिवस उशिरा उमटू शकते. तिचा निकाल पॅच टेस्टने लागतो. संशयित पदार्थ पाठीवर ४८ तास चिकटवून ठेवतात, काढल्यावर एकदा आणि पुढे एकदोन दिवसांनी पुन्हा त्वचा तपासतात. त्वचारोगतज्ज्ञांनी सुचवले तर ही चाचणी जरूर करून घ्या. तिचा निष्कर्ष नकारात्मक आला तरी तो तुमच्याच उपयोगाचा आहे, कारण ‘यांना रसायनच सोसत नाही’ या क्लबच्या बचावाची धार त्याने जाते.

म्हणून नोटिशीतील मजकूर पर्यायी ठेवावा : पाण्यातील जंतुनाशकाचे प्रमाण सुरक्षित मर्यादेत राखले गेले नाही, त्यामुळे पाणी दूषित राहिले, अथवा अयोग्य प्रमाणात रसायने वापरली गेली, आणि यांपैकी जे काही घडले ते क्लबच्या देखभालीतील कसुरीमुळे घडले. काही वर्षांपूर्वी माझ्या एका अशिलाने, माझ्याकडे येण्यापूर्वी, अशीच नोटीस ‘क्लोरीनने त्वचा भाजली’ या एकाच वाक्यावर पाठवली होती. पुढे नोंदवहीत क्लोरीन जवळजवळ शून्य आढळले. ही नोंद आमच्या बाजूची असूनही उलटतपासणीत आमच्याच वाक्याने आम्हाला अडवले. त्या वाक्याचे मला आजही वाईट वाटते आणि म्हणूनच मी या मुद्द्यावर इतका रेंगाळलो.

आता कायद्याकडे वळतो. पैसे घेऊन लोकांना पाण्यात उतरवणाऱ्याने ते पाणी सुरक्षित राखण्याची वाजवी दक्षता घेतली पाहिजे, हे कर्तव्य सर्वमान्य आहे. अडचण असते ती कसूर आणि इजा यांचा संबंध जोडण्याची, कारण टबमध्ये त्या दिवशी कोणी काय टाकले किंवा टाकायचे राहिले, हे बाहेरच्या माणसाला कळणे अशक्य असते. या प्रश्नावर ग्रँट विरुद्ध ऑस्ट्रेलियन निटिंग मिल्स हा प्रिव्ही कौन्सिलचा, म्हणजे तेव्हाच्या ब्रिटिश वसाहतींसाठी लंडनमध्ये असलेल्या सर्वोच्च अपील न्यायालयाचा, १९३५ चा निकाल फार उपयोगी आहे. ॲडिलेडच्या डॉ. ग्रँट यांनी १९३१ साली लोकरीची अंतर्वस्त्रे विकत घेतली. कापडात धुलाईनंतर उरलेल्या सल्फाइटमुळे त्यांना गंभीर त्वचादाह झाला. कारखान्याने आपली प्रक्रिया निर्दोष असल्याचे आणि त्याच प्रक्रियेतील असंख्य कपड्यांबद्दल तक्रार नसल्याचे सांगितले. न्यायालयाने तो बचाव मान्य केला नाही. रसायन कपड्यात राहिले याचा अर्थ कोणीतरी चुकले असाच निघतो, आणि नेमके कोण चुकले हे दाखवण्याचा भार रुग्णावर टाकता येत नाही, असा त्या निकालाचा आशय आहे. तुमच्या क्लबने ‘इतर सभासदांची तक्रार नाही’ असे उत्तर दिले तर हाच युक्तिवाद त्यांच्यासमोर ठेवावा.

नाजूक त्वचेचा मुद्दा मात्र पोकळ नाही, आणि तो तसा आहे असे सांगून मी तुमची दिशाभूल करणार नाही. ग्रिफिथ्स विरुद्ध पीटर कॉनवे या इंग्लंडमधील १९३९ च्या खटल्यात ट्वीडच्या कोटाने त्वचादाह झालेली ग्राहक हरली, कारण सर्वसाधारण त्वचेच्या माणसाला त्या कोटाने काहीही झाले नसते, असे न्यायालयाला दिसले. तुमच्यात आणि तिच्यात फरक करणारी गोष्ट म्हणजे तुमच्या दोन मैत्रिणी. तीन वेगवेगळ्या स्त्रियांची त्वचा एकाच शनिवारी एकाच पाण्याने अपवादात्मक नाजूक ठरत नसते. त्या दोघींनी कुठल्या दिवशी, किती वाजता, किती वेळ त्या टबमध्ये होत्या आणि पुरळ केव्हा व कुठे उठले, हे आपापल्या शब्दांत, एकमेकींचे न पाहता लिहून त्याखाली तारीख व सही करावी. तिघींचा मजकूर शब्दशः सारखा निघाला तर त्याची किंमत उरणार नाही.

अर्जातल्या ‘नाही’बद्दल तुम्ही मोकळेपणाने लिहिले हे बरे झाले. इंगम विरुद्ध एम्स या इंग्लंडमधीलच १९५५ च्या खटल्यात केसांच्या कलपाने पुरळ उठलेल्या स्त्रीला भरपाई मिळाली नाही, कारण तोच कलप पूर्वी आपल्याला बाधला होता हे ठाऊक असूनही तिने केशकर्तनकाराला सांगितले नव्हते. क्लबचा वकील हा निकाल नक्की काढील. तुमचा इसब हातांना होता, दोन वर्षे जुना होता आणि त्याचा पोहण्याच्या पाण्याशी संबंध असल्याचे कोणी सांगितले नव्हते. शिवाय जंतुसंसर्ग इसब नसलेल्या माणसालाही होतो, हे तुमच्या मैत्रिणींवरून दिसतेच. तरीही ती माहिती लपवू नका. नोटिशीतच एका वाक्यात ती सांगून टाका, म्हणजे पुढे ती प्रतिपक्षाच्या तोंडून बाहेर येणार नाही.

फलकाचे उत्तर निम्मे तुमच्या बाजूने आहे. ऑली विरुद्ध मार्लबरो कोर्ट या १९४९ च्या इंग्लिश निकालानुसार, हॉटेलच्या काउंटरवर करार पुरा झाल्यानंतर खोलीत दिसलेली जबाबदारी नाकारणारी सूचना पाहुण्याला बांधत नाही. तुमच्या अर्जात तसे कलम नसेल तर हे तत्त्व लागू पडू शकेल, परंतु तुम्ही आठ महिने त्या फलकावरून ये-जा केली आहे आणि मधे सभासदत्वाचे नूतनीकरण झाले असेल तर ही बाजू दुबळी होते. ठोस उत्तर वेगळे आहे : ‘स्वतःच्या जबाबदारीवर’ या मोघम शब्दांत पाय घसरण्यासारखे उघड धोके येतात. पाणी न तपासण्याची मुभा त्यांतून निघत नाही, कारण पाण्यातले क्लोरीन सभासदाला डोळ्यांनी दिसत नाही आणि ते तपासण्याचे साधन केवळ क्लबच्या हाती असते.

यापुढचे काम घाईचे आहे. पोचपावती मिळेल अशा टपालसेवेने नोटीस पाठवून, घटनेच्या आधीचे सात व नंतरचे सात दिवस यांतील क्लोरीन, ब्रोमिन आणि सामू यांच्या नोंदी, टब रिकामा करून घासल्याच्या व गाळणी धुतल्याच्या तारखा, वापरलेल्या रसायनांची नावे व त्यांची सुरक्षा-माहितीपत्रके, आणि इतर सभासदांच्या तक्रारी, हे सर्व जसेच्या तसे जपून ठेवावे आणि त्याच्या प्रती द्याव्यात, अशी मागणी करा. नोंदवही मिळाली की केवळ आकडे पाहू नका. सलग पंधरा दिवस एकाच शाईत, एकाच हस्ताक्षरात आणि एकसारखे आकडे असतील, तर ती एका बैठकीत भरली गेल्याची शंका रास्त ठरते. त्याच दिवशी स्थानिक आरोग्य विभागाकडे तपासणीसाठी लेखी अर्ज द्या. स्वतः बाटलीत पाणी भरून आणू नका. जंतुचाचणीचा नमुना निर्जंतुक बाटलीत घ्यावा लागतो आणि त्या बाटलीत क्लोरीन निष्प्रभ करणारे सोडियम थायोसल्फेट आधीच घातलेले असते, नाहीतर प्रयोगशाळेत पोचेपर्यंत उरलेले क्लोरीन जंतू मारून टाकते आणि अहवाल खोटा निर्धोक येतो.

डॉक्टरांना जुनी चिठ्ठी बदलायला सांगू नका. तुमच्याकडचे सोमवारचे फोटो, मूळ फाइल जशी आहे तशी ठेवून, त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा आणि त्यांचे मत आजच्या तारखेने स्वतंत्र कागदावर घ्या. पहिल्या चिठ्ठीतले प्रश्नचिन्ह तुमच्या कामाचे आहे, कारण त्या डॉक्टरांनीही क्लोरीन हा निष्कर्ष म्हणून लिहिलेला नाही.

तुम्ही कुठे राहता ते पत्रात नाही आणि दाव्याची मुदत ठिकाणाप्रमाणे बदलते. भारतात राहत असाल तर ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार कारण घडल्यापासून २ वर्षांत तक्रार करता येते, ती तुमच्या राहत्या ठिकाणच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे करता येते, आणि संबंधित माहिती हेतुपुरस्सर दडवणे हीसुद्धा त्या कायद्यात सेवेतील त्रुटी मानली आहे. म्हणून नोंदवही न देणे क्लबलाच महाग पडू शकते. भरपाईबद्दल मात्र मोठ्या अपेक्षा ठेवू नका. दहाबारा दिवसांत बऱ्या झालेल्या पुरळाबद्दल औषधोपचाराचा खर्च, बुडालेले कामाचे दिवस आणि सोसलेला त्रास एवढेच साधारणतः मिळते. डाग कायमचे राहिले तर गोष्ट वेगळी, आणि ते काही महिने गेल्याशिवाय ठरणार नाही.

नेमक्या याच कारणासाठी त्या पावतीवर आज सही करायची नाही. वर्गणी परत घ्यायला हरकत नाही, पण ‘फक्त एका महिन्याच्या वर्गणीचा परतावा मिळाला, इतर सर्व हक्क राखून’ असे स्वतःच्या हाताने लिहून सही करा आणि त्या कागदाचा फोटो काढून ठेवा. क्लबने असे लिहू द्यायला नकार दिला तर रक्कम न घेता परत या आणि त्या नकाराची नोंद ई-मेलने त्याच दिवशी त्यांना कळवा.