एका रात्रीची उसनवारी आणि सात वर्षांचे कर्ज

वाचकांचे प्रश्न : बँक आणि व्याज

प्रश्न : सोलापुरात अक्कलकोट रस्त्यावरच्या औद्योगिक वसाहतीत माझा टेरी टॉवेलचा लहानसा कारखाना आहे. नवे माग घेण्यासाठी 2022 साली मी येथील एका नागरी सहकारी बँकेकडून सात वर्षांच्या मुदतीचे कर्ज घेतले. 2025 सालात रेपो दर सव्वा टक्क्याने उतरला आणि राष्ट्रीयीकृत बँकेत घरकर्ज असलेल्या माझ्या मेहुण्यांचा व्याजदरही त्याप्रमाणे खाली आला. माझा दर मात्र जागचा हललेला नाही. बँकेत विचारले असता, ‘रेपो हा बँकांच्या एका रात्रीच्या आपापसातील उसनवारीचा दर आहे, तुमच्या कर्जाशी त्याचा संबंध नाही,’ असे उत्तर मिळाले. हे बरोबर आहे का?
— एक टॉवेल उत्पादक, सोलापूर

उत्तर : तुम्हाला मिळालेल्या उत्तरात दोन गोष्टींची गल्लत झालेली आहे. बँका एकमेकींना विनातारण एका रात्रीसाठी पैसे देतात तो व्यवहार कॉल मनीचा. सरकारी रोखे तारण ठेवून बँका रिझर्व्ह बँकेकडून अल्पमुदतीचे पैसे घेतात तो रेपोचा. पहिला दर बाजारात ठरतो, दुसरा रिझर्व्ह बँक ठरवते, आणि पहिला दर दुसऱ्याच्या आसपास राहावा याची काळजी ती रोज घेत असते.

रात्रीपुरते पैसे लागतातच कशाला, हे सोलापूरकराला मार्केट यार्डावरून चटकन उमगेल. हिवाळ्यात कांद्याची आवक वाढली की शेतकरी आणि अडते खात्यातून मोठ्या रकमा रोखीने काढतात. मी शाखेत काम करीत असताना त्या दिवसांत दुपारी दोनपर्यंत कॅशियरची पेटी तळाला लागायची आणि आम्ही वरच्या कार्यालयाला फोन लावायचो. बँकेतून नोटा बाहेर गेल्या की त्या भरून काढण्यासाठी बँकेला रिझर्व्ह बँकेतील आपल्या खात्यातून रक्कम काढावी लागते आणि तेथील शिल्लक घटते. आगाऊ प्राप्तिकराच्या किंवा जीएसटी भरण्याच्या तारखांनाही असेच घडते. ग्राहकांचा पैसा एकाच वेळी सरकारच्या खात्यात जातो आणि सगळ्याच बँकांना ओढ बसते.

ही शिल्लक मनाला येईल तेवढी ठेवून चालत नाही. रोख राखीव प्रमाणाच्या नियमानुसार बँकेला ठेवींचा ठरावीक हिस्सा, जो नोव्हेंबर 2025 अखेर 3 टक्क्यांवर आला, रिझर्व्ह बँकेत ठेवावा लागतो. हिशेब पंधरवड्याच्या सरासरीचा असला, तरी कोणत्याही दिवशी आवश्यक रकमेच्या 90 टक्क्यांखाली जाता येत नाही. गंमत अशी की या शिलकेवर रिझर्व्ह बँक एक पैसाही व्याज देत नाही. त्यामुळे जिच्याकडे जास्त उरले आहे ती बँक ते रात्रभर पडू देत नाही, आणि जिला कमी पडले आहे ती संध्याकाळच्या आत ते शोधते. आपल्या बाजारपेठेत एक व्यापारी दुसऱ्याला सकाळी देऊन संध्याकाळी परत घेतो त्याच जातीचे हे हातउसने आहे, फक्त आकडे कोटींचे. 100 कोटी रुपये सव्वापाच टक्क्यांनी एका रात्रीसाठी घेतले, तर व्याज सुमारे 1 लाख 44 हजार रुपये होते.

हा दर भलतीकडे जाऊ नये म्हणून दोन्ही बाजूंना कुंपण घातलेले आहे. डिसेंबर 2025 मध्ये रेपो दर 5.25 टक्के झाला, तेव्हा जादा पैसे रिझर्व्ह बँकेकडे विनातारण ठेवण्याच्या स्थायी ठेव सुविधेचा दर 5 टक्के होता आणि अडचणीच्या वेळी रोख्यांवर पैसे घेण्याच्या सीमांत स्थायी सुविधेचा 5.50 टक्के. पाच टक्के रिझर्व्ह बँकच देत असेल तर कोणती बँक दुसऱ्या बँकेला त्याहून स्वस्त देईल? आणि साडेपाचने तेथेच मिळत असेल तर त्याहून महाग कशाला घेईल? आता रात्रीच्या उलाढालीचा मोठा भाग कॉल मनीत नव्हे, तर रोखे तारण ठेवून तिसऱ्या संस्थेच्या मध्यस्थीने होणाऱ्या त्रिपक्षी रेपोत होतो. तेथे म्युच्युअल फंडही पैसे देतात, आणि त्यांना ठेव सुविधेचे दार उघडे नसल्यामुळे तेथील दर कधी कधी खालचे कुंपण ओलांडून जातो.

आता तुमचे कर्ज. एका रात्रीचा दर सात वर्षांच्या कर्जापर्यंत दोन वाटांनी पोहोचतो. पहिली वाट बाजाराची : 91 दिवसांची ट्रेझरी बिले, म्हणजे सरकारची अल्पमुदतीची कर्जपत्रे, घेणारा मनात हिशेब करतो की हेच पैसे रोज रात्री उसने दिले असते तर काय मिळाले असते, आणि त्यावरून त्यापुढच्या लांब मुदतींचे दर सरकत जातात. ही वाट लांबची आणि सुस्त आहे. दुसरी वाट कराराची. 1 ऑक्टोबर 2019 पासून व्यापारी बँकांनी दिलेली नवी बदलत्या दराची घरकर्जे व सूक्ष्म-लघुउद्योगांची कर्जे रेपोसारख्या बाह्य निर्देशांकाला जोडणे सक्तीचे झाले आणि तो दर निदान तीन महिन्यांतून एकदा नव्याने लावणेही. तुमच्या मेहुण्यांच्या हप्त्याला हाच नियम लागू पडला. नागरी सहकारी बँकांवर ही सक्ती नाही.

म्हणून तुमच्या बँकेने नियम मोडला असे मला म्हणता येत नाही, पण ‘संबंध नाही’ हे उत्तरही मला पटत नाही. सहकारी बँकेचा पैसा प्रामुख्याने ठेवींतून येतो. दोन वर्षांपूर्वी चढ्या दराने घेतलेल्या मुदत ठेवीवर बँकेला मुदत संपेपर्यंत तेच व्याज द्यावे लागते, त्यामुळे तिचा खर्च रेपोबरोबर लगेच उतरत नाही. तो सावकाश उतरतो, आणि तसा उतरला की कर्जाचा दरही उतरावा अशी मागणी करण्याचा तुम्हाला पुरेपूर हक्क आहे. शिल्लक कर्ज 12 लाख असेल, तर सव्वा टक्का म्हणजे वर्षाला 15 हजार रुपये. लहान कारखान्याला ही रक्कम सुताच्या बिलात जाणवते.

मंजुरीपत्र काढून तीन गोष्टी वाचा : दर स्थिर की बदलता, बदलता असल्यास कोणत्या दराला जोडलेला, आणि मुदतीपूर्वी कर्ज फेडल्यास किती आकार पडेल. दर बँकेच्या स्वतःच्या मूळ दराला जोडलेला असेल, तर 2025 नंतर तो मूळ दर केव्हा व किती बदलला हे लेखी विचारा. तोंडी विचारणेला तोंडी उत्तर मिळते, ते तुम्ही अनुभवलेच आहे. दुसरी बँक कर्ज हस्तांतरित करून घेण्यास तयार असेल, तर हा आकार, नव्या गहाणखताचा खर्च आणि प्रक्रिया शुल्क उरलेल्या वर्षांतील बचतीतून वजा करून पाहा. मुदतीची तीनच वर्षे उरली असतील, तर पुष्कळदा काही हाती लागत नाही.

प्रश्न : रेपो उतरल्यावर माझ्या मुदत ठेवीचे व्याज मध्येच कमी होईल का?
— एक निवृत्त शिक्षिका, सोलापूर

उत्तर : नेहमीच्या मुदत ठेवीचे व्याज मध्येच कमी होत नाही. पावतीवर छापलेला दर मुदत पूर्ण होईपर्यंत कायम राहतो. मात्र आपोआप नूतनीकरणाची सूचना दिलेली असेल, तर मुदत संपताच रक्कम त्या दिवशीच्या दराने पुन्हा गुंतते. ती तारीख पावतीवर पाहून आठवडाभर आधी शाखेत जाऊन या.